कोंडाबाईचं वारं

बोरखेडीत ‘वारं आलं’ असं कुणी म्हणालं, तर माणसं झाडांच्या शेंड्यांकडं बघत नाहीत, कोंडाबाईच्या घराकडं बघतात. वारं तिच्या अंगात येतं. मंगळवारी येतं, शुक्रवारी येतं, पुनवेला येतं, आणि कुणाची म्हैस आटली किंवा कुणाच्या पोराला बारावीला कमी मार्क पडले तर वार न बघताही येतं. इतकं वेळेवर येणं कळंबच्या एस.टी.लाही जमलेलं नाही.

ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडं ‘झाड’ म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला तो माणूस फार हुशार किंवा फार निर्दय असला पाहिजे. झाडाला लोक पाणी घालतात, कुंकू लावतात, फेऱ्या मारतात. झाडानं फक्त जागा सोडायची नसते.

कोंडाबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ही जन्मल्याबरोबर तिच्या आईनं तिला सुपातल्या कोंड्यावर ठेवलं आणि कोंडा हेच नाव दिलं. यमाला वाटावं, ही काही कामाची नाही. यमाला तसं वाटलंही. गावाला मात्र ती कामाची वाटली.

लग्नानंतर तिचं पहिलं लेकरू गेलं, त्या वर्षीची गोष्ट. देवीची पालखी दारावरून चालली होती, हलगी कडाडत होती, आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या कोंडाबाईच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की हलगीवाले थांबले. तिचे केस सुटले, ती घुमायला लागली. कुणीतरी तिच्या कपाळावर मुठीनं कुंकू भरलं आणि विचारलं, “कोण हायस तू? नाव सांग!” तिनं काय सांगितलं ते तिला आजही आठवत नाही. पण त्या दिवसापासून ती कोंडा राहिली नाही, गावाची आई झाली. पहिल्या वेळी जे आलं ते देवीचं होतं की मेलेल्या लेकराचं, हे तिला कधी कळलं नाही. दुसऱ्या वेळी काहीच आलं नव्हतं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. लोक दारात बसले होते, पहाटेपासून उपाशी होते, त्यांना कसं परत पाठवायचं? म्हणून ती घुमली. आणि एकदा खोटं घुमलेल्या बाईला खरं बोलायची सोय राहत नाही.

झाडाचे नियम कुणी लिहून ठेवलेले नसतात, पण अंगणवाडीतल्या पोरालाही ते पाठ असतात. आईनं दुसऱ्याच्या घरचं खायचं नाही. कपाळावरचा मळवट पुसायचा नाही. येरमाळ्याची जत्रा सोडली तर गावाची शीव ओलांडायची नाही, कारण आई शिवेबाहेर गेली तर गावाचं राखणं गेलं. जत्रेलाही ती टेम्पोत मधोमध बसायची आणि भोवती अख्खं गाव, म्हणजे तिला रस्त्याकडंचं एक झाडही दिसायचं नाही.

नवरा रामलिंग सरळ माणूस. इतका सरळ, की गावानं बायकोला आई म्हणायला सुरुवात केल्यावर त्यानंही तेच म्हणायला सुरुवात केली. आधी चारचौघांत, मग घरात. मग एका उन्हाळ्यात त्यानं बाज अंगणात काढली ती काढलीच. “आई, भाकर झाली का?” असं स्वतःचा नवरा विचारतो तेव्हा बाईनं हसावं की रडावं, यावर कोंडाबाईनं पुष्कळ विचार केला होता. शेवटी ती भाकर वाढायची.

बाज अंगणात जाण्याआधी झालेली एक लेक तेवढी तिची होती. प्रतीक्षा. ती धरणाच्या पलीकडं हिंगणवाडीत दिली होती. बोरखेडीच्या काठावर उभं राहिलं की हिंगणवाडीचं देऊळ दिसायचं, संध्याकाळचे दिवे दिसायचे. मध्ये पाणी. रस्त्यानं जायचं तर कळंबला जाऊन दुसरी गाडी धरायची, अर्धा दिवस मोडायचा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, ही जगाची रीत. पण देव्हारा असलेल्या घरात बाळंतपणाचं सुवेर चालत नाही, ही गावाची रीत. गावानं बैठक घेतली, चहा प्याला आणि ठरवलं की पोरीचं सासरीच होऊ द्यावं. कोंडाबाईला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं दिलेलं उत्तर देवीचं धरलं असतं.

प्रतीक्षाला मुलगी झाली. कोंडाबाईनं तिला मोबाइलवर पाहिलं, बोटाएवढी, डोळे मिटलेली. मग समोरून कुणीतरी फोन हलवला आणि पडद्यावर छताचा पत्रा दिसत राहिला. तिला एकच गोष्ट हवी होती. बारशाला जावं, नातीला मांडीवर घ्यावं, आणि लेकीनं साधं ‘आये’ म्हणावं. बाकी जन्मभर घुमायला ती तयार होती.

आता भागवत. हा कोंडाबाईचा धाकटा भाऊ. बापाशी भांडून कोवळ्या वयात कोकणात पळाला आणि तिथं मासेमारीच्या होड्यांवर खलाशी झाला. गुडघा निकामी झाल्यावर परत आला तो बहिणीच्या गावी, कारण तिथं निदान धरण तरी होतं. माळावरच्या माणसाला समुद्राचं वेड लागलं की त्याचं काही खरं नाही. त्यानं सुताराच्या मागं लागून आंब्याच्या फळ्यांची एक सपाट तळाची होडी करून घेतली आणि तिला शीड लावायचं मनावर घेतलं. लोक हसले. इथले मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात आणि हातानं पाणी मारतात. भागवतला त्याचं काही नव्हतं. साऱ्या गावात बहिणीला अजून आक्का म्हणणारा तो एकटाच होता, आणि तेवढ्यासाठी कोंडाबाईनं त्याला सात खून माफ केले असते.

“आक्का, कापड पायजे,” तो म्हणाला. “दणकट. सुती.”

कापड कोंडाबाईकडं पेटीभर होतं. ओटीची पातळं. हिरवी, पिवळी, कुंकवाच्या डागांची. नेसायची किती? आणि देवीची म्हणून दुसऱ्याला द्यायचीही नाहीत. तिनं पेटी उघडली आणि दुहेरी पदर घालून, वाकळ शिवतात तशा धावत्या टाक्यांनी ती पातळं उभी उभी जोडायला बसली. काठ तिनं बरोबर कडेला आणले, म्हणजे वाऱ्यानं कडा फाटणार नाहीत. हे तिला भागवतनं सांगितलं नव्हतं. रामलिंगनं विचारलं, “आई, हे काय?” ती म्हणाली, “पांघरूण हाय.” तो पुढं काही विचारणार नव्हता. आईला कोण विचारतं?

शीड चौकोनी झालं. त्याची वरची कड भागवतनं एका बांबूला गुंडाळून बांधली. त्या आडव्या बांबूला तो कोकणातल्यासारखं ‘परबाण’ म्हणायचा. डोलकाठी उभी केली, तिच्या टोकाला विहिरीवरची जुनी कप्पी लावली आणि तिच्यातून दोर ओवला. परबाण दोराला बांधायची वेळ आली तेव्हा काठावर जमलेल्या मंडळींनी एकमुखानं सल्ला दिला, मधोमध बांध. कळंबच्या आडतीवर धान्य घालण्यात जन्म गेलेली माणसं ती, त्यांना आडवी दांडी दिसली की तराजू दिसतो. भागवतनं ऐकून घेतलं आणि परबाण पुढच्या टोकाकडून तिसऱ्या हिश्शावर बांधलं. दोर ओढला तसं ते तिरपं वर चढलं, पुढचं टोक खाली, मागचं आभाळात. “वाकडं झालं की रे,” म्हणत मंडळी समाधानानं घरी गेली.

“तराजू न्हाय हे,” भागवत बहिणीला म्हणाला. “वारं मोजायचं न्हाय, धरायचंय. पुढचा खालचा कोपरा नाळेला, म्हंजे होडीच्या टोकाला, आखडून बांध, बैलाच्या वेसणीवानी. शिडावर तिरपी चुणी पडली का दोर अजून ताण. चुणी गेली का झालं.”

“आन् हा मागल्या कोपऱ्याचा दोर?”

“तो बांधायचा न्हाय. काय बी हू दे, तो बांधायचा न्हाय. हातात धरायचा. झपका आला का सोडायचा, शीड आपलं फडफड करतंय आन् होडी उभी ऱ्हाती. बांधला का आडवी झालीच म्हणून समज.”

ती त्या दोराकडं बघत राहिली. जिच्या अंगात वारं येतं म्हणून जिला एका जागी बांधून टाकलं होतं, तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की वारं असलं की बांधायचं नसतं. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. भागवतला काही कळलं नाही. तो कप्पीला तेल देत होता.

पण शीव? तिनं विचारलं तेव्हा भागवत खो खो हसला. जुन्या शिवेचा दगड धरण भरलं तेव्हाच बुडाला होता. “पाण्यात शीव कुठं हाय, आक्का? दाखव मला. पाटलाला बी सापडायची न्हाय.”

मग आई पाण्याची ओटी भरायला जाते, असं गावात पसरलं, आणि ती रोज सकाळी खणनारळ घेऊन काठावर जायला लागली. आखाडातलं वारं मावळतीकडून वाहत होतं, सरळ हिंगणवाडीच्या तोंडावर. ती वल्ह्यानं दिशा धरायला शिकली, दोर सोडायला शिकली. वारं पाठीवर असताना शीड कधी एकदम दुसऱ्या अंगाला फेकलं जातं आणि तेव्हा डोकं वाकवायचं असतं, हे ती परबाणाचा एक टोला खाऊन शिकली. अर्ध्या पाण्यातून भागवत शीड उतरवायचा आणि वल्हवत परत आणायचा. ही सपाट होडी वाऱ्याच्या उलट जात नव्हती, घसरायची. बाजूला फळी लावायला हवी होती. “यायचं मागनं शिकवतो,” तो म्हणायचा. “आधी जायचं तर शिक.”

पाण्यावर तिच्या अंगात काही यायचं नाही. वारं बाहेर असायचं, शिडात. ती नुसती बसलेली असायची, दोर धरून, एक बाई. एवढं हलकं तिला पोरवयातही वाटलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी रामलिंग कुंची, झबली आणि बाळंतविडा घेऊन निघाला. मामा म्हणून पाळणा भागवतच्या डोक्यावर. एस.टी.कडं लंगडत जाताना तो मागं वळून म्हणाला, “शीड बांधून ठिवलंय, आक्का. म्या काय बोललो न्हाय.”

ती घरात एकटी उरली. देव्हाऱ्यासमोर बसली. ऊन कललं तेव्हा उठली, काठावर गेली आणि धरणाच्या पाण्यानं कपाळ घासघासून धुतलं. मळवट गेला. कातडीत मुरलेला लाल डाग तेवढा राहिला, त्याला ती काय करणार? केसांचा घट्ट बुचडा बांधला. नेसायला मुद्दाम साधं पातळ घेतलं होतं, प्रतीक्षानंच दिवाळीला आणलेलं. मग तिनं होडी ढकलली आणि दोर ओढला. परबाण वर गेलं. चुणी पडली, तिनं ताणली, चुणी गेली.

शिडात वारं भरलं. बोरखेडी मागं सरकायला लागली, आणि ती सरकते हे बघून कोंडाबाई मोठ्यानं हसली. भर पाण्यात आली तेव्हा झपका आला. होडी डुलली, शीड थरथरलं आणि धाडकन दुसऱ्या अंगाला फेकलं गेलं. ती वाकली, पण परबाणाचं टोक बुचड्याला घासून गेलं आणि केस सुटले. आवरायला हात कुठून आणणार? एका हातात वल्हं, दुसऱ्यात दोर. सुटले तर सुटू देत, ती म्हणाली. लेकीच्या दारात बांधू.

हिंगणवाडीच्या घाटावर बायका बारशाची भांडी घासत होत्या. त्यांना काय दिसलं असेल, याचा दोष त्यांना देता येणार नाही. पाण्यावर इंजिनाचा आवाज नाही, वल्हवणारा माणूस नाही, आणि ओटीच्या हिरव्यापिवळ्या पातळांचं वाऱ्यानं फुगलेलं भलंमोठं काहीतरी सरळ गावाकडं येतंय. त्याच्या खाली मोकळ्या केसांची, लाल कपाळाची बाई. भांडी तिथंच राहिली. होडी काठाला घासेपर्यंत अख्खं बारसं घाटावर आलं होतं.

सगळ्यांत पुढं रामलिंग होता. त्यानं बायकोला ओळखलं. आता आपल्या गावाला काय सांगायचं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसला, आणि त्याचं उत्तर त्याला लगेच सापडलं. घाबरून म्हणाला की श्रद्धेनं, देव जाणे. दोन्ही हात जोडून तो ओरडला, “आई आली! आई वाऱ्यावर आली!”

झालं. बायकांनी तिच्या पायांवर पाणी ओतलं, कुणी डोलकाठीला हळदकुंकू लावलं. गर्दीमागून भागवत ओरडत होता, “आक्का, दोर सोडू नगं! आवो, शीड तरी उतरवा!” पण आईचं शीड उतरवायला कुणाचा हात धजेल? एका भल्या माणसानं तिच्या हातातला दोर भक्तीनं काढून घेतला आणि बाभळीला नऊ गाठी मारून बांधला. पुढच्याच झपक्याला होडी आडवी झाली आणि शीड पाण्यावर पसरलं. तोवर कोंडाबाईला बायकांनी धरून वर नेलं होतं. तिला मागं वळूनही बघू दिलं नाही.

प्रतीक्षा दारात होती, बाळ छातीशी धरून. आईला बघून तिचे ओठ हलले. कोंडाबाई पुढं झाली, पण तिच्याआधी पाट मांडला गेला, तिला पाटावर बसवलं गेलं. लेकीची सासू उमाबाई पदर पसरून समोर बसली आणि रीतीप्रमाणं विचारलं, “कोण हायस तू? नाव सांग!”

हा प्रश्न कोंडाबाईनं आयुष्यभर ऐकला होता. आज पहिल्यांदा तिनं त्याचं खरं उत्तर दिलं.

“म्या प्रतीक्षाची आई हाय,” ती म्हणाली. “कोंडा. लेकीला बघाय आलेय.”

“आई!” सगळं अंगण गरजलं. “आई हाय म्हणती!”

“तसं न्हाय वो,” ती म्हणाली. “म्या नुसती आई—”

“आई!”

भागवत गर्दीत घुसायला बघत होता, त्याच्या गुडघ्याला ते जमत नव्हतं. उमाबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “पोरीला आईच्या पायावर घाल.” प्रतीक्षानं आईच्या डोळ्यांत बघितलं. तिला सगळं कळलं होतं, हे कोंडाबाईला कळलं. पण पाठीवर सासूचा हात होता, भोवती सगळं गाव होतं. प्रतीक्षा वाकली. तिनं बाळ आईच्या पायांवर ठेवलं, कपाळ टेकवलं, आणि एवढंच म्हणाली, “आये.” ते कुणालाच वेगळं ऐकू गेलं नाही.

बाळाची ऊब पायांच्या चवड्यावर आली. कोंडाबाईनं हात खाली नेला, पण उमाबाईनं बाळ अलगद उचलून घेतलं. पायावर घालून झालं होतं. आता पाळण्यात घालायचं होतं.

“मांडीवर द्या की वो जरा,” कोंडाबाई म्हणाली. साध्या आवाजात, व्याह्यांच्या घरी मागावं तसं. हलगी सुरू झाली होती, कुणी ऐकलं नाही. बाळ पाळण्याकडं निघालं.

तेव्हा कोंडाबाईनं डोळे मिटले. मान मागं टाकली, सुटलेले केस भुईला लागेपर्यंत, आणि इतकी वर्षं केलं तेच केलं. ती घुमायला लागली. “लेकरू!” तिनं त्या दुसऱ्या आवाजात दरडावलं. “माझं लेकरू माझ्या मांडीवर द्या!”

हलगी थांबली. उमाबाई धावत मागं आली आणि तिनं बाळ कोंडाबाईच्या मांडीवर ठेवलं.

कोंडाबाईनं नातीला पोटाशी धरलं. केवढीशी होती, आणि दुधाचा वास येत होता. तिला थांबून नीट बघायचं होतं, नाक कुणाचं, कान कुणाचे. पण थांबली की आई गेली म्हणतील, आणि बाळ उचलून नेतील. म्हणून ती डोळे मिटून घुमत राहिली, मागं पुढं, मागं पुढं. कंबर भरून आली तरी घुमत राहिली. आणि बाळाला तो पाळणाच वाटला असावा. ते तिच्या मांडीवर गाढ झोपून गेलं.